चौसष्ट ओळींची हाक

पहिल्याच भेटीत आमच्या घरमालकीणबाईंनी मला विचारलं, "उसवता येतं का?"

भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला काय विचारतात हे मला माहीत होतं. नोकरी काय, माणसं किती, पाणी किती लागतं, पाहुणे फार येतात का. ही सगळी उत्तरं मी भोरच्या स्टँडपासून त्यांच्या दारापर्यंत घोकत आलो होतो. उसवण्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"मी कॉम्प्युटर शिकवतो," मी म्हटलं.

"ते कळलं. उसवता येतं का?"

"नाही."

"शिकाल. ज्याला उसवायची लाज वाटते त्यानं विणायला बसू नये," असं म्हणून त्यांनी वरच्या खोलीची किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली. माझ्या हातात का नाही दिली, हे मी तेव्हा विचारलं नाही. सहा वर्षं त्या घरात काढल्यावर विचारायची गरजही उरली नाही.

बाई म्हणजे कार्यानुभवाच्या बाई. वेल्ह्याच्या बाजूला, मार्गासनीकडच्या एका शाळेत त्यांनी पोरींना आणि पोरांनाही शिवण-टिपण, विणकाम, बटण लावणं शिकवलं होतं. निवृत्त होऊन भोरला आल्या, तरी नाव तेच राहिलं. भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. अंगात बारा महिने स्वेटर, मोरपंखी रंगाचा. मला वाटायचं यांच्याकडे मोरपंखी स्वेटर पुष्कळ आहेत. आमच्या हिनं शोध लावला की लोकर एकच आहे. दर दसऱ्याला तो स्वेटर उसवायचा, लोकर धुवायची, गुंडे करायचे आणि दिवाळीपर्यंत नव्या नमुन्याचा विणायचा. मधले पंधरा-वीस दिवस बाई शाल पांघरून फिरायच्या आणि कुणी विचारलं तर सांगायच्या, "स्वेटर कामावर गेलाय."

एकदा पुण्याच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. पुढच्या सीटवर एक गृहस्थ. अंगात राखाडी स्वेटर, आणि त्याच्या पाठीवर एक टाका सुटून चार ओळी खाली घरंगळलेला. बाईंनी दोन मिनिटं ते सहन केलं. मग पिशवीतून क्रोशाची सुई काढली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण मी यांचा भाडेकरू आहे हे त्या क्षणी कुणाला कळू नये असं मला मनापासून वाटत होतं. कापूरहोळ आलं. गृहस्थ उठले आणि खेचल्यासारखे परत खाली बसले.

"बसा," बाई म्हणाल्या. "दोन टाके राहिलेत."

"अहो, मला इथं उतरायचंय!"

"असे उतरलात तर घरी पोचेपर्यंत निम्मा स्वेटर गाडीत राहील."

गृहस्थ नसरापूरला उतरले. उतरताना त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि माझ्याकडे रागानं बघितलं. माझं काय चुकलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं समजणार नाही. स्टँडजवळ एका गाळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन चालू, आणि तिन्ही एकदम चालू केले की पंखा बंद. कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर माझ्याकडे एकच औषध होतं, बंद करून परत चालू करणं. तेवढ्यावर मी 'सर' झालो होतो. कॉलेजात असताना मला संगीतकार व्हायचं होतं आणि त्या काळातलं एक जुनं सॉफ्टवेअर मी अजून जपून ठेवलं होतं. ट्रॅकर म्हणतात त्याला. पडद्यावर पेटी नाही, तबला नाही. काळ्या पाटीवर चौसष्ट आडव्या ओळी. प्रत्येक ओळीत चार खण. पहिल्यात सूर लिहायचा, दुसऱ्यात कुठला आवाज त्याचा नंबर, तिसऱ्यात जोर आणि चौथ्यात हुकूम, म्हणजे त्या सुराचं पुढं काय करायचं ते. कॉम्प्युटर ओळी वरून खाली वाचत जातो आणि गाणं वाजतं. माझं वाजलं होतं ते एकदाच, शाळेच्या गॅदरिंगला, आणि पोरांनी नाच थांबवून मला विचारलं होतं, "सर, लाईट गेली का?"

एका रविवारी बाई वर आल्या आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिल्या.

"हा तर विणीचा तक्ता," त्या म्हणाल्या. "सरका."

मी सरकलो. त्यानंतर तो कॉम्प्युटर माझा राहिला नाही. आठवड्यात तो खालच्या माजघरात गेला आणि वर आमच्या टेबलावर हिनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

बाईंनी पहिली आरती रचली ती खालून वर. विणकाम खालून वर चढतं, तसा तक्ताही खालच्या ओळीपासून वाचायचा असतो. कॉम्प्युटरनं ती वरून वाचली, त्यामुळं आरती शेवटच्या ओळीनं सुरू झाली आणि सुरुवातीला येऊन संपली. बाई रागावल्या, पण स्वतःवर नाही. "वरून खाली? घर कुणी कौलापासून बांधतं का? तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना पाया म्हणून माहीत नाही."

पण शिकल्या. मी कधीच शिकलो नाही अशा तऱ्हेनं शिकल्या. काही बिघडलं की मी म्हणायचो, "बाई, बंद करून परत चालू करू." त्या म्हणायच्या, "चूक म्हणजे भूत नाही सर, दिवा लावला की पळायला. तिला घरनंबर असतो. ओळ सांगा, खण सांगा." एक वही होती. ओळ, आधी काय होतं, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले आणि दुरुस्त झालं, तर कशानं झालं ते कळत नाही, आणि कळलं नाही ते दुरुस्त झालंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चूक सापडेपर्यंत चहा नाही. हा नियम त्यांनी स्वतःपुरताच लावला असता तर माझी हरकत नव्हती.

हे सगळं विरंगुळा म्हणून चाललं असतं. पण त्या वर्षी बाईंच्या थोरल्या भावाच्या घशाचं ऑपरेशन झालं.

भाऊ हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहायचे. भात, नाचणी आणि चार म्हशी. ऑपरेशनमध्ये स्वरपेटी काढावी लागली. माणूस वाचला, हिंडू-फिरू लागला, पण आवाज गेला. गळ्यात पाटी अडकवली होती, त्यावर खडूनं लिहायचे. म्हशी मात्र पाटी वाचत नव्हत्या.

त्यांच्या म्हशी सकाळी आपल्या आपण डोंगरावर चढायच्या आणि दिवस कलला की भाऊ, म्हणजे बाईंचे दादा, घरामागच्या धोंड्यावर उभे राहून हाक द्यायचे. खालून उठून वर चढत जाणारी एकच "होऽऽऽ". ती ऐकली की कारवीतून, झुडपांतून चारी जणी खाली. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ढुंकून बघायच्या नाहीत. आता हाक नव्हती. बाईंच्या वहिनी रोज डोंगर चढून त्यांना हाकलून आणायच्या, साठीच्या गुडघ्यांवर. एका संध्याकाळी चौघींबरोबरची लहान रेडी मागं राहिली, ती बिबट्यानं नेली.

त्यानंतर दादांचा मुलगा, बाईंचा भाचा, शिरवळच्या कंपनीतून सुट्टी काढून आला आणि म्हणाला, म्हशी विकायच्या. तो चुकीचं काही बोलत नव्हता. आईनं रोज डोंगर किती चढायचा? त्यानं व्यापाऱ्याला सोमवारी सकाळचं सांगूनही टाकलं. दादांना विचारलं, तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, 'विका.' मग हातानं पुसलं आणि लिहिलं, 'काशी सोडून.' काशी म्हणजे सगळ्यात पुढं चालणारी म्हैस. भाचा म्हणाला, "आप्पा, येका म्हशीपायी रोज रानात कोन जानार?" दादांनी तेही पुसलं आणि पाटी कोरीच ठेवली.

हे बाई भोरला येऊन सांगत होत्या तो मंगळवार होता. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "दादाची हाक करायची. सोमवारच्या आत."

"कशी करणार?" मी विचारलं. "आवाज तर गेला."

"थोडा शिल्लक आहे."

धाकट्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ त्यांच्या मोबाईलमध्ये होता. मांडवाच्या दारात टेम्पो मागं घेताना दादा ओरडतात, "येऊ द्या, येऊ द्या, होऽ!" आणि तेवढ्यात बँड सुरू होतो. मधला अर्धा सेकंद स्वच्छ होता. नुसतं "होऽ". बाईंनी तो तुकडा कापून ट्रॅकरमध्ये आवाज नंबर एक म्हणून ठेवला. आता तो अर्धा सेकंद ताणून, खालून वर चढवून त्याची हाक करायची होती.

पहिल्यांदा त्यांनी एकाखाली एक चढते सूर लिहिले. वाजवलं तर "हो, हो, हो, हो, हो". विहिरीवरचं इंजिन सुरू होताना करतं तसं.

"जिना झाला हा," बाई म्हणाल्या. "मला घसरगुंडी पाहिजे. उलटी."

मग मी माझ्या आठवणीतून एक मोलाची गोष्ट काढून दिली. या अख्ख्या कामात माझी एवढीच देणगी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चौथ्या खणात हुकूम असतो तो आकड्यानं. एक म्हणजे सूर वर सरकव. दोन म्हणजे खाली सरकव. तीन म्हणजे लिहिलेल्या सुरापर्यंत सरकत जा आणि तिथं थांब. पुढं किती वेगानं ते लिहायचं. नवा सूर लिहिला आणि शेजारी तीन घातला, की आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, आहे तोच पुढं सरकतो.

बाईंनी तीन घातला. वाजवलं. "हो", आणि मग काहीच नाही.

"बंद करून—" मी म्हटलं.

"गप्प बसा." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "आवाज अर्ध्या सेकंदाचा. तो संपून गेला, आणि आपण त्याला सरक-सरक म्हणतोय. लोकर संपल्यावर सुया हलवून काय होणार?"

म्हणजे आधी आवाजच न संपणारा करायला हवा होता. त्या तुकड्याचा मधला भाग गोल फिरत ठेवायचा, की हवा तेवढा वेळ वाजत राहील. पण जिथं शेवट सुरुवातीला जोडला जातो तिथं दर फेरीला "टक्" असा आवाज यायचा. बाई त्या सांध्यावर अख्खा बुधवार बसल्या, दोन्ही टोकं केसभर इकडे, केसभर तिकडे करत. "गाठ न मारता लोकर जोडतात तसं जमलं पाहिजे," म्हणत होत्या. आमची ही वरून दोनदा पोहे घेऊन आली आणि दोनदा मीच खाल्ले. दिवेलागणीला तो "टक्" गेला आणि माजघरात त्यांच्या भावाची "होऽऽऽऽ" अशी न थांबणारी हाक उभी राहिली, सपाट, पण त्यांचीच. बाईंनी ती बरीच ऐकली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

पुढची चूक अशी की सूर एका ओळीपुरता सरकायचा आणि अडून राहायचा. हुकूम त्या ओळीपुरताच असतो, खाली प्रत्येक ओळीत तो परत द्यावा लागतो. तो दिला, तर सूर शेवटी थोडा खालीच राहायचा. बाईंनी गणित मांडलं होतं. कॉम्प्युटर एक ओळ सहा ठोक्यांत वाजवतो, दर ठोक्याला सूर सरकतो, म्हणून ओळीत सहा वेळा सरकणार. तरी कमी पडत होतं. वहीची तीन पानं भरल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला. "पहिला टाका नुसता उचलायचा!"

मी दचकलो.

"अहो, विणताना ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घेतात, कड नीट येते म्हणून. तुमचा कॉम्प्युटर तेच करतोय. पहिल्या ठोक्याला सरकतच नाही. सहातले पाचच धरायचे."

धरले. सूर नेमका जागेवर जाऊन बसला. त्या दिवशी मला प्रथमच वेळेवर चहा मिळाला.

त्याच दुपारी, गुरुवारी, आम्ही हिर्डोशीला निघालो. आवाज डोंगरावर पोचायला भोंगा हवा, तो माझ्याकडे होता, क्लासची जाहिरात रिक्षावर लावून फिरवायला घेतलेला. भोंगा, अँप्लिफायर, बॅटरी आणि बाईंची विणकामाची पिशवी असं सगळं एसटीत चढवल्यावर कंडक्टर म्हणाला, "लगेज हाय का मिरवनूक?" बाईंनी त्याच्या स्वेटरकडे असं बघितलं की तो पुढं निघून गेला.

हिर्डोशी जवळ आली की बाईंची भाषा बदलायची. भोरला 'नाही' म्हणणाऱ्या बाई घाटाच्या वळणावर 'न्हाई' म्हणू लागायच्या. वाडीत पोचलो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. भोंगा बघून म्हणाल्या, "वन्सं, ह्ये काय खूळ काढलंय? म्हसरांचं लगीन लावताय व्हय?"

"म्हसरांचं न्हाई, तुमच्या गुडघ्यांचं काम करत्येय," बाई म्हणाल्या.

दिवस कलला. भोंगा अंगणातल्या खांबाला बांधला. दादा पडवीत बसले होते. उंच, वाळलेला माणूस, गळ्याला पांढरा रुमाल. मी मोठ्या जबाबदारीनं पेनड्राईव्ह लावला, बटण दाबलं आणि समोरच्या सगळ्या डोंगरावर माझाच आवाज घुमला, "आजच प्रवेश घ्या! जागा मर्यादित!"

पेनड्राईव्ह तोच होता. जुनं काढायचं राहून गेलं होतं. क्लासला विद्यार्थी त्या हाकेनं आले नव्हतेच, आता म्हशीही आल्या नाहीत.

मग खरी हाक लावली. एकदा, दोनदा, चारदा. वर काही हललं नाही. ओढ्यापलीकडून मात्र कुणीतरी ओरडलं, "कुनाचा टेम्पो अडाकलाय रं?"

वहिनींनी पदर खोचला, काठी घेतली आणि डोंगराला लागल्या. बाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होत्या. मी पुष्कळ लोकांना हरताना बघितलंय, त्यात मी आरशात बघितलेला धरून. बाईंचा चेहरा तसा नव्हता. त्या वही काढून भावासमोर जमिनीवर बसल्या.

"दादा, कुठं चुकलं?"

दादांनी पाटीवर लिहिलं, 'माजी न्हाई.'

"आवाज तुझाच हाय."

'आवाज माजा. हाक न्हाई.'

"मग कशी? दाव."

दादांनी पाटी बाजूला ठेवली. उजवा तळहात गुडघ्यावर टेकवला आणि हळूहळू वर न्यायला लागले. छातीपाशी आला, खांद्यापाशी आला. बाईंनी आपलाही हात त्याच्या शेजारी वर नेला आणि कपाळापाशी थांबवला, जिथं त्यांनी सूर बसवला होता तिथं. दादांचा हात थांबला नाही. डोक्यावर गेला. ते बसल्या जागेवरून उठले, टाचा उचलल्या, हात अजून वर.

"थांबतो कुठं?"

दादांनी मान हलवली.

"थांबतच न्हाई?"

त्यांनी छातीवर हात ठेवला, गळ्यावरच्या रुमालातून सगळा श्वास सोडला आणि हात खाली टाकला. दम संपतो तिथं संपते. ठरलेली जागा नाही.

परतीच्या एसटीत बाई गुडघ्यावर हात टेकवून तो पुन्हा पुन्हा वर नेत होत्या. स्टँडवर उतरताना म्हणाल्या, "तीन नंबरचा हुकूम म्हणजे तिकीट काढून बसलेला माणूस. स्टॉप आला की उतरणार. दादाची हाक तिकीट काढत नाही."

मग शुक्रवार-शनिवार त्यांनी तीन नंबरचे सगळे हुकूम उसवले. स्वच्छ बसलेली, सुरेल, तीन दिवस खपून केलेली हाक ओळीओळीनं पुसली. मला बघवेना, त्या मात्र गुणगुणत होत्या. तीनच्या जागी एक. नुसता वर सरकव, कुठपर्यंत ते सांगायचं नाही. तिसऱ्या खणात जोर मात्र ओळीगणिक थोडा थोडा उतरवत न्यायचा, दम संपतो तसा. हे दोन्ही मिळून एकच, कारण थांबायची जागा काढली की दम सरल्याशिवाय हाक संपणार कशी; इतर कशालाही हात लावायचा नाही. वहीत लिहिलं, 'बदल एक.'

रविवारी सकाळी गाडीची वेळ झाली होती. बाई पदर नीट करायला आत गेल्या आणि मला म्हणाल्या, "सर, तेवढं पेनड्राईव्हवर घ्या. आणि तुमची जाहिरात काढा."

आता खोटं कशाला सांगू. मी जाहिरात काढली, जुनी हाक राहू दिली, आणि नवी घेण्याआधी हातातली कपबशी टेकायला जागा शोधली, ती कीबोर्डवर. पडद्यावर काहीतरी लुकलुकलं. ओळीत सहा ठोके असतात, तिथं मला सात दिसले. आधी सातच होते की काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाहेरून बाई ओरडल्या, "गाडी लागली!" आणि मी तसंच घेतलं.

वाडीत भाचा आलेला होता. त्यानं दावी काढून ठेवली होती, सकाळी व्यापारी आला की म्हशी बांधून द्यायला. बाईंना म्हणाला, "आत्या, तुमी लई केलं. पन आज न्हाई आल्या, तर उद्या मला आडवू नका."

"न्हाई आडवनार," बाई म्हणाल्या.

खांबाला भोंगा बांधायला मी पुढं झालो, तर दादांनी तो माझ्या हातातून घेतला. वायरची वेटोळी खांद्यावर टाकली, भाच्याला बॅटरी उचलायची खूण केली आणि घरामागच्या धोंड्यावर जाऊन उभे राहिले. भोंगा डाव्या काखेत, तोंड डोंगराकडे. उजवा हात कानामागं. मग त्यांनी मला मान हलवून सांगितलं, लाव.

मी बटण दाबलं. नवी हाक उठली, आणि तिच्याबरोबर दादांनी तोंड उघडलं. मान मागं जात गेली, टाचा उचलल्या गेल्या, गळ्याच्या शिरा ताणल्या. त्यांच्या तोंडातून काही येत नव्हतं. पण कुणी लांबून बघितलं असतं, तर हाक त्यांचीच होती. ती वर गेली, अजून वर गेली, आणि दम सरत सरत हवेत विरली.

काही झालं नाही. भाच्यानं जमिनीकडे बघितलं. दादांनी बोट वर केलं, परत.

परत लावली. तिसऱ्यांदा लावायच्या आत वर कारवीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग गळ्यातली घंटा. काशी बाहेर आली, तोंडात अजून पाला, आणि उतारावरून अशी धावत सुटली की म्हैस धावते कशी ते मी प्रथमच बघितलं. मागं बाकीच्या. भोंग्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ दादांपाशी आली आणि त्यांच्या पोटावर डोकं घासलं.

"तीन, चार," भाच्यानं मोजल्या. मोबाईल काढून तो बाजूला गेला. "शेट, उद्या येऊ नका. न्हाई, दुसऱ्या कुनाला न्हाई दिल्या. आवो, आल्या त्या!"

वहिनी मटकन पायरीवर बसल्या. "वन्सं," त्या म्हणाल्या, "माजं गुडघं सुटलं आज."

एकट्या बाई खूश नव्हत्या. त्या वही उघडून माझ्याकडे आल्या.

"सर, हे माझं नाही. सूर जास्त वर गेला. ओळ लांब झालीय. कुठे हात लावला?"

मी कपबशीचं सांगितलं. सहाचे सात झाले असतील म्हणालो. त्यांनी तीन बोटं वर केली.

"हुकूम बदलला, मी. ठोके वाढवले, तुम्ही. खांबावरचा भोंगा धोंड्यावर नेला आणि सोबत तोंड उघडलं, दादानं. तीन बदल एकदम. मग आल्या कशानं?"

"बाई, आल्या ना!"

"आल्या ते मला दिसतंय. कशानं आल्या ते विचारतेय." त्या वळल्या. "दादा! उजेड हाय तवर म्हसरं परत वर सोड. भोंगा खांबाला बांधू. आदी जुनी हाक लावू, मग येक येक बदल करत बगू."

दादांनी बहिणीकडे नीट बघितलं. वाकून पेनड्राईव्ह उपसला, बंडीच्या आतल्या खिशात घातला, त्यावर बटण लावलं आणि काशीच्या पाठीवर थाप मारून गोठ्याकडे निघाले. बाई वही घेऊन त्यांच्या मागं. दोघांच्या मध्ये चार म्हशी.

"दादा, येकदाच! आरं, निस्ती येकदा, जुनी, सहा ठोक्यांवरची!"

दादांनी वळून बघितलं नाही. पण त्यांचे खांदे हलत होते. आवाज नसलेला माणूस पोट धरून हसतो तेव्हा पाठीमागून कसा दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं.